दाराबाहेरचे बूट

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी "अगं, तू खरंच असं बोललीस?" म्हणून तोंडावर हात ठेवायला नको. बोलले. आणि ज्या माणसाला बोलले, त्याचं नाव मी हल्ली रोज देवापुढे दिवा लावताना घेते.

अहिल्यामावशी तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्सी सिटीला आली, तेव्हापासून सुरुवात करते. ही माझ्या आईची थोरली बहीण. मी पाच वर्षांची असताना आई गेली, बाबांची बदलीची नोकरी, म्हणून मावशीने मला नागपूरला आपल्या घरी नेलं आणि इंजिनिअरिंगला जाईपर्यंत सांभाळलं. तिने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड आहे. सीताबर्डीचा एक बूटवाला तिला डाव्या पायाचा जाड तळाचा बूट बनवून देतो. तो बूट पायात असला की मावशी चालते. नसला की भिंत धरून चालते.

तर आली त्या दिवशी तिने बूट काढले ते थेट अपार्टमेंटच्या दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये. सव्विसाव्या मजल्यावर. चौथ्या दिवशी बिल्डिंग मॅनेजमेंटची ईमेल आली की कॉरिडॉरमध्ये वस्तू ठेवू नयेत, फायर कोडचं उल्लंघन होतं. मी फोन तिच्या नाकासमोर धरला.

"मावशी, हे बघ. आपल्यामुळे मेल आलीये."

"काहून? बुटांनी आग लागते का?"

"नियम आहे."

"मुलखाची घाण घरात आणायची, हा कुठला नियम?"

माझा नवरा शंतनू सोफ्यावर लॅपटॉप घेऊन गालात हसत होता. त्याचं काय जातं! रोज संध्याकाळी मी बूट आत आणायचे, रोज ती बाहेर ठेवायची. दहा-पंधरा दिवस आमचं हेच चाललं.

एका रविवारी पोहे खाताना मी तिला विचारलं, "मावशी, तुला एक ठिकाण दाखवायचं असेल तर कुठलं?" मला वाटलं नायगारा म्हणेल, फार तर डिस्ने. ती म्हणाली, "डॅन्यूब."

शंतनूने डोळे मोठे केले. मावशी मात्र शाळेत सांगायची तसं सांगायला लागली. दहा देशांतून वाहणारी नदी, आणि तिच्या दोन काठांवर दोन गावं, बुडा आणि पेस्ट, पुलाने जोडली गेली आणि एक झाली. "एकतीस वर्षं सातवीच्या मुलींना नकाशावर दाखवलं. तो पूल मला चालून जायचा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बस, बाकी काही नको."

"एवढंच?" मी म्हटलं.

"तुला एवढंच वाटतं," ती म्हणाली, आणि मग तिने एक गोष्ट सांगितली. तिच्याजवळ बारा-तेरा वर्षं राहूनही मी ती कधी ऐकली नव्हती. ती चौथीत असताना शाळेची सहल कन्हान नदीवर गेली होती. सगळ्या मुली रांगेने पुलावरून पलीकडे गेल्या, तिथे आमराई होती. बाईंनी मावशीला अलीकडच्या काठावर बसवलं आणि म्हणाल्या, अहिल्या, तू डब्यांची राखण कर. "चाळीस डबे होते," मावशी म्हणाली. "एकही हरवू दिला नाही मी."

त्याच रात्री शंतनू हॉटेलं शोधायला बसला. त्याला ऑफिसातून सुट्टी मिळणार नव्हती, त्यामुळे आम्ही दोघीच जाणार होतो. मावशीने मुंबईतच युरोपचा व्हिसा काढून आणला होता! म्हणजे बाईसाहेबांनी डॅन्यूब आधीच ठरवून ठेवली होती, मी विचारण्याची वाट बघत होत्या.

शंतनूने पेस्टच्या बाजूला, नदीपासून दहा मिनिटांवर एक हॉटेल शोधलं. सव्वाशे वर्षांपूर्वीची इमारत, नावाजलेल्या हॉटेलांच्या निम्म्याहून कमी भाडं. "ऐतिहासिक आणि स्वस्त" हे दोन शब्द एकत्र दिसले की मला संशय येतो. ऐतिहासिक म्हणजे नळ गळणार आणि स्वस्त म्हणजे तो कुणी दुरुस्त करणार नाही. पण फोटोत लिफ्ट होती, म्हणून मी हो म्हटलं.

बॅग भरताना मी माझी अक्कल पाजळली. मावशीने बुटांचा दुसरा जोड बॅगेत घातला होता. मी तो काढला. "मावशी, चार दिवसांसाठी दोन जोड? आपण फक्त हातातल्या बॅगा नेतोय." ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा समजायला हवं होतं.

हॉटेल मात्र मला पहिल्या पावलातच आवडलं, ते कबूल करायला हवं. जाळीच्या दाराची लिफ्ट, पितळेची हातभर किल्ली, लाकडी जमीन पावलागणिक करकरायची. खोलीत एवढं मोठं कपाट की त्यात आमच्या बॅगा केविलवाण्या दिसत होत्या. खिडकी उघडली की आतला चौक आणि त्यात एक अक्रोडाचं झाड. नळ गळत नव्हता. मावशीने पलंगावर बसून चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कांजी केली आहे गं चादरीला! अजून कुणी करतं?"

आणि लगेच बूट काढून दाराबाहेर ठेवले.

"मावशी!"

"इथे मेल आली आहे का?"

मी वाद घातला नाही. ती झोपली की मी गुपचूप बूट आत आणून ठेवायचे. पहिल्या दिवशी आणले, दुसऱ्या दिवशीही आणले.

पूल तिने शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. ताटातला गोड पदार्थ ती शेवटी खाते, तसंच. तिसऱ्या दिवशी आम्ही नदीपलीकडच्या किल्ल्यावर गेलो, टॅक्सीने आणि दुसऱ्या पुलावरून. "तो पूल बघायचासुद्धा नाही," म्हणून तिने मान फिरवून ठेवली होती. वर सगळे दगडी रस्ते. कौतुकाने चालत होती, आणि अचानक थांबली. डाव्या बुटाचा जाड तळ अर्ध्याहून जास्त सुटून लोंबत होता.

मी खाली बसून पाहिलं. बुचाचे थर एकमेकांपासून सुटले होते. हातरुमालाने बांधून कसंबसं तिला टॅक्सीपर्यंत आणलं. खोलीवर आल्यावर मी फोनवर दुकानं शोधली. दुसऱ्या दिवशी कसलीशी सार्वजनिक सुट्टी, जे बघावं ते बंद. आणि परवा सकाळी आमचं नेवार्कचं विमान.

"आपण व्हीलचेअर घेऊ," मी म्हटलं. "हॉटेलात आहे. मी ढकलते. पूल तर ओलांडशील."

मावशीने मान हलवली. "रेणू, ढकलत नेतात ते सामान."

"मग काय करू मी? तूच सांग! दुसरा जोड..." आणि तिथेच माझी जीभ थांबली. दुसरा जोड जर्सी सिटीत माझ्या कपाटात होता, मीच ठेवलेला. ती तेही बोलली नाही. नुसती म्हणाली, "राहू दे. नदी खिडकीतून नाही दिसत, पण आहे ना जवळच. पुष्कळ झालं." आणि तुटका जोड नेहमीसारखा दाराबाहेर ठेवून ती कूस बदलून झोपली. मी स्वतःला शिव्या घालत पडून राहिले, आणि कधी डोळा लागला कळलंच नाही. बूट आत आणायचे राहिले.

सकाळी साडेसातला दार उघडलं तर बूट नाहीत.

कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. समोरच्या दाराबाहेर कुणाचे तरी काळे बूट, चकचकीत, आरशासारखे. आमच्या दाराबाहेर नुसतं पायपुसणं. मी रात्रीच्याच कपड्यांत, सपाता घालून जिन्याने खाली धावले. लिफ्टची वाट बघण्याइतका दम माझ्यात कधीच नव्हता.

रिसेप्शनवर पन्नाशीची चष्मेवाली बाई होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही रात्री बूट दाराबाहेर ठेवले होते?"

"हो! म्हणून काय कुणीही उचलायचे?"

तिने भिंतीवरच्या पितळी पाटीकडे बोट केलं. पाटी मी तीन दिवस पाहत होते, वाचली नव्हती. दाराबाहेर ठेवलेले बूट रात्री नेऊन, पॉलिश करून सकाळी सातपर्यंत परत ठेवले जातील. हॉटेल उघडल्यापासूनची पद्धत. हे काम लास्लो नावाचे गृहस्थ करतात.

"मग सात वाजून गेले. समोरच्या खोलीचे आले. आमचे कुठे आहेत?"

तिने फोन लावला. लास्लोने उचलला नाही. पुन्हा लावला. तिच्याही कपाळावर आठी आली. "तो असा न सांगता कधी जात नाही," ती म्हणाली, आणि झालं! माझ्या डोक्यात जी काही तिडीक गेली, विचारू नका. बॅगेतून जोड काढला त्याचा राग, व्हीलचेअर म्हटलं त्याचा राग, सगळा त्या न पाहिलेल्या माणसावर निघाला. म्हटलं, एका अपंग म्हाताऱ्या बाईचे बूट चोरायला लाज नाही वाटत तुमच्या माणसाला? स्वस्त हॉटेल, तशीच माणसं! अख्ख्या जगाला लिहून कळवीन मी. लॉबीत नाश्त्याला निघालेली माणसं थांबून बघत होती. बाई पांढरीफटक पडली, पण एक शब्द उलट बोलली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, लास्लो इथे चाळीस वर्षं आहे."

मी पाय आपटत वर आले. मावशी अंघोळ करून, निळा पंजाबी ड्रेस घालून, वेणी घालून पलंगावर बसली होती. पायात मोजे, पाय अधांतरी.

"चोरीला गेले," मी म्हटलं आणि रडू फुटलं.

"वेडी आहेस का? एक बूट उंच, एक बुटका. चोराला पायही तसाच पाहिजे ना, बाप्पा!" तिने मला जवळ ओढलं. "खाली कुणाला बोललीस तर नाही ना?"

मी नाक पुसायला लागले.

"बोललीस," मावशी म्हणाली.

साडेदहाला दार वाजलं. दारात रिसेप्शनवरची बाई, आणि तिच्यामागे सत्तरीचा, उंच, थोडा वाकलेला माणूस, अंगात हिरवा एप्रन. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने मला बाजूला सारलं नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ मावशीपुढे जाऊन वर्तमानपत्र उघडलं.

बूट होते. डाव्या बुटाला नवा तळ, बुचाचे थर घट्ट दाबलेले, कडेने बारीक शिलाई, खाली नवं रबर. आणि दोन्ही बूट असे चमकत होते की मला ते आधी ओळखूच आले नाहीत.

लास्लो त्याच्या भाषेत बोलला, बाईने इंग्रजीत सांगितलं. रात्री त्याने बूट उचलले तेव्हाच तळ सुटलेला पाहिला. नुसतं पॉलिश करून परत ठेवायला त्याचं मन घेईना. त्याचा मेहुणा अपंगांचे बूट करायचा, आता निवृत्त झालाय, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. सकाळच्या पहिल्या ट्रामने लास्लो त्याच्याकडे गेला, त्याला झोपेतून उठवलं. गोंद सुकायला वेळ लागला. फोन रात्री कामावर येताना घरीच राहिला होता, म्हणून कळवता आलं नाही, त्याबद्दल तो माफी मागतो आहे.

तो माफी मागतो आहे! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "मी खाली तुमच्याबद्दल फार वाईट बोलले. चोर म्हणाले. चूक माझी होती." बाई भाषांतर करायला कचरत होती. मी म्हटलं, "प्लीज, जसंच्या तसं सांगा." तिने सांगितलं. लास्लोने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी पुटपुटला. बाई हसली. "तो म्हणतो, माझ्या आईचे बूट हरवले असते तर मी याहून जोरात ओरडलो असतो."

मी पर्स उघडली तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. म्हणाला, आजकाल सगळे स्नीकर्स घालतात आणि दारं लावून घेतात. कित्येक रात्री त्याच्यासाठी कॉरिडॉरमध्ये एकही जोड नसतो. या बाईंना जुनी रीत माहीत होती, त्याला फार बरं वाटलं.

लास्लो बूट घालून द्यायला खाली वाकला तशी मावशी दचकून पाय वर घेऊन म्हणाली, "अहो, नको नको, पायाला हात नको!" मराठीतच. त्याला कळलं असावं, कारण तो थांबला. मग तिने बूट मांडीवर घेतले, त्यावरून बोटं फिरवली, आणि लास्लोला हात जोडले. ते दोघं गेल्यावर ती माझ्याशी नाही, बुटांशीच बोलावं तशी बोलली.

"माझे बूट आजवर कुणी पुसले नव्हते गं."

मला नागपूरचं घर आठवलं. दाराबाहेरच्या पायरीवर रोज सकाळी माझे शाळेचे काळे बूट, पॉलिश केलेले, लेस सैल करून ठेवलेले. दहा वर्षं. पाय घालायचे आणि पळायचं. ते कोण करतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शाळेचे बूट सकाळी काळेच असतात, एवढंच माहीत होतं. आणि त्यांच्या शेजारी तिचे, धुळीचे.

दुपारी आम्ही पुलावर गेलो. टोकाला दोन दगडी सिंह बसलेले. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. मी चार पावलं मागून, पाठीला घरून आणलेल्या डब्यांची बॅग लावून. मध्यावर ती कठड्याला धरून थांबली आणि खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघत पुटपुटली, "ही जाते काळ्या समुद्राला." मग पुन्हा चालू लागली. एकदाही बसली नाही. बुडाच्या टोकाला पोहोचल्यावर सिंहाच्या खालच्या दगडावर हात टेकून वळली, श्वास लागला होता, चेहरा लाल झाला होता. म्हणाली, "डबे आहेत ना तुझ्याकडे? की काठावर ठेवून आलीस?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की हसता हसता रडलो. मग तिथेच बसून मेथीचे ठेपले खाल्ले.

जर्सी सिटीला परत आल्यावर पंधरा दिवसांनी मावशीला जायचं होतं. मला तिला खूप काही सांगायचं होतं. एकदा सुरुवात केली, "मावशी, थँक्यू...", तर तिने हातानेच उडवून लावलं. "परक्यांना म्हणतात ते. भाजी खाली लागेल, बघ."

जायच्या दिवशी मी पहाटे उठले. काळ्या पॉलिशची डबी शोधायला मला तीन दुकानं फिरावी लागली होती. ब्रश घेऊन किचनच्या फरशीवर बसले. पस्तिशी ओलांडलेली बाई, बँकेत मोठ्या टीमची मॅनेजर, आणि बुटाला पॉलिश कसं करतात ते फोनवर व्हिडिओ बघून शिकत होते. बोटं काळी, गाऊन काळा. शंतनू उठून आला, त्याने पाहिलं, काही न विचारता कॉफी ठेवून गेला. मग मी बूट नेऊन दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये ठेवले. लेस सैल करून.

मावशी निघताना दार उघडून थबकली. वाकली, एक बूट उचलला, उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. जन्मभराची मास्तरीण.

"टाच राहिली बघ," ती म्हणाली.

"आण, करते."

"नको." तिने बूट छातीशी धरला. "राहू दे तशीच." माझ्या काळ्या बोटांकडे तिने पाहिलं, माझा हात हातात घेतला आणि लिफ्ट येईपर्यंत सोडला नाही.

बिल्डिंगची मेल दुपारीच आली. मी वाचली आणि ठेवून दिली, पुसली नाही.

आठवड्याने नागपूरहून फोन आला. आंब्याचं लोणचं, शेजारच्यांची मुलगी, उन्हाळा, सगळं बोलून झाल्यावर मावशी म्हणाली, "बूटवाल्याकडे गेले होते गं. नव्या तळाचं फार कौतुक केलं त्याने. म्हणाला, बाई, टाचेला पॉलिश नाही, लावून देतो."

"मग?"

"मी म्हटलं, खबरदार हात लावशील तर. ती माझ्या पोरीने ठेवली आहे."